पंच क्रमांक दोन

९ नोव्हेंबर, रविवार
समाजमंदिराच्या हॉलमध्ये प्रयोग. स्पर्धेच्या आधीची रंगीत तालीम, पण मिलिंदने अख्ख्या वस्तीला बोलावून ठेवलेलं. लेखक तो, दिग्दर्शक तो, नाटकातला सबनीसही तोच. किल्लेदार कोठारातलं धान्य विकतो, सबनीस ते वहीत लिहून ठेवतो, मग सबनिसाच्याच नावाचं शत्रूला लिहिलेलं पत्र 'सापडतं'. फितुरी. कडेलोट. शेवटाला बायका रडल्या.

पहिल्या रांगेत भाऊ, आमचे माजी नगरसेवक. निवडणूक तोंडावर आहे, पुन्हा व्हायचंय. किल्लेदार धान्य विकतो त्या प्रवेशाला मागून कोणीतरी ओरडलं, "आणि हॉल कधी विकणार?" (या हॉलची जागा भाऊ बिल्डरला देतायत म्हणून मि.ने तक्रारी केल्यात, दोनदा धरणं धरलंय.) लोक हसले आणि माना वळवून भाऊंकडे बघत बसले. भाऊही हसले. मध्यंतरात निघून गेले, चहासुद्धा घेतला नाही.

माझं काम एवढंसं. अंताजी कारकून. सदरेवर ते पत्र उघडायचं, बघायचं, म्हणायचं, "अक्षर सबनिसांचंच." प्रयोगानंतर मि. पुन्हा सुरू. "काका, तुम्ही त्याला खलनायक करताय. तो वाईट नाहीये. त्याला जेवायला घरी जायचंय, बस. पत्र धड वाचूसुद्धा नका." तीस वर्षं नाटकं करतोय. मला शिकवतो.

तलवारी मात्र सगळ्यांना आवडल्या. पाचही मी केल्यात. प्लायवूड, चंदेरी रंग, मुठीला आमच्या सौ. नलूच्या उरलेल्या लाल लोकरीचा दोरा.

१२ नोव्हेंबर, बुधवार
साडेचारला ऑफिसात पो. स्टे.चा फोन. पंच हवाय. त्यांना सरकारी नोकरीतला माणूस बरा पडतो आणि मी नेहमीचा. गेलो. कागद तयार होते, तीन पानं, मधे बरीच जागा मोकळी. कसली केस विचारलं. हवालदार म्हणाला, "हत्यारं आहेत काका. मुद्देमाल येतोय, बाकीचं भरून घेतो. तुम्ही कशाला थांबताय, तालीम असेल ना?" तीन पानांवर तीन सह्या. चहा बरा होता, आलं घातलेलं.

सहाला हॉलवर. मि.चा पत्ता नाही, फोन बंद. असं कधी करत नाही. तलवारींची पेटीही जागेवर नाही, त्यानेच नेली असणार. साडेसातपर्यंत ताटकळलो. दुसऱ्यांना पाच मिनिटं उशीर झाला की लेक्चर देतो हा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी सुजाताचा फोन. मि.ची बायको. काल चारच्या सुमाराला साध्या कपड्यातले चौघे मि.च्या कॉलेजात गेले (तो तिथे प्रयोगशाळेत असतो), तिथूनच त्याला उचलला. हॉलमध्ये पाच तलवारी सापडल्या म्हणे. निवडणुकीत दंगलीची तयारी.

मी हसलोच. म्हटलं, "अगं त्या मी केल्यात. एक तर मधून मोडली होती, फेविकॉलने चिकटवलीय. आज जाऊन सांगतो त्यांना." तिला बरं वाटलं. दुपारी साहेबांनी ढीगभर फाइली टाकल्या, जाणं राहिलं.

कालची हत्यारं... नाही. ती दुसरी असतील. इतकं मोठं शहर आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो आला. टेबलावर पाच तलवारी, मागे पोलीस उभे. खाली कोणीतरी लिहिलंय, 'नाटकवाल्यांचे खरे रूप'. फोटो मोठा करून बघितला. तलवारी लोखंडी. मुठींना लाल दोरा, पण गुंडाळलेला उजव्या हाताने. मी डावखुरा. माझे वेढे उलटे असतात.

नलूला दाखवलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं तिने.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सुजाताच्या घरी सगळे जमलो. वकीलबाईंनी केसचे कागद मिळवलेत, सुजाता मोठ्याने वाचत होती. हॉलचा पत्ता. वेळ, दुपारी चार ते पाच. "पाच लोखंडी धारदार तलवारी, मुठीस लाल दोरा." मग, "पंचांनी मुद्देमाल समक्ष पाहून धार बोटाने तपासून खात्री केली." मग पंच क्रमांक एक, कोणी पानवाला. पंच क्रमांक दोन. तिथे ती थांबली. माझं पूर्ण नाव वाचलं. वय सत्तावन्न. ऑफिसचा पत्ता.

तिने कागद खाली ठेवला.

"कुठलं बोट, काका?" ती म्हणाली.

मी सांगायला लागलो. मला माहीत नव्हतं, जागा मोकळी होती, तालमीला उशीर होत होता, त्या वेळी मी तर हॉलवर नव्हतोच. प्रशांत, आमच्यातला सगळ्यात तापट, उठून दारात उभा राहिला. "म्हणजे तुम्ही बघितलंच नाही? आणि सही केलीत?" मी म्हटलं, सगळे तसंच करतात रे. तो म्हणाला, "मिलिंदने अंताजी लिहिलाय तसाच निघालात ना यार तुम्ही."

चपला घालताना कोणीही वर बघितलं नाही. राग आला. मी काय तलवारी ठेवल्या तिथे? मि.ला कोणी सांगितलं होतं भाऊंच्या तोंडावर नाटक करायला? माणसाला जरा गप्प बसता येत नाही?

१९ नोव्हेंबर, बुधवार
नलू म्हणते, "तुमका कोणी सांगल्यान होता वाचल्याशिवाय सही करूक?" मी म्हटलं, अकरा वेळा केली, कधी काही झालं नाही. ती म्हणाली, "तुमका काय झाला नाय." आणि आत गेली. जेवण वाढलं, पण स्वतः नंतर जेवली. लग्नाला तीस वर्षं झाली, हे पहिल्यांदा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
हवालदार ऑफिसात आला. सगळ्यांसमोर खांद्यावर हात. "काका, कोर्टात कोणी काही विचारलं तर एवढंच म्हणायचं, सही माझी. तेवढं खरंच आहे ना?" मी म्हटलं, तलवारी प्लायच्या होत्या हो. तो म्हणाला, "त्या मोकळ्या कागदावर सही केलीत, ते तुम्हीच कोर्टाला सांगणार? मग आधीच्या अकरा केसेसचं काय? सगळ्या उघडतील. आणि पहिले आत कोण जाणार, काका?"

तो गेल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "परब, दहा महिने राहिले ना तुमचे निवृत्तीला? शांतपणे काढा."

सही माझी. दोनच शब्द. अंताजीलाही दोनच लागतात, 'अक्षर सबनिसांचंच'.

२३ नोव्हेंबर, रविवार
हॉलला पोलिसांचं सील, म्हणून तालीम सुजाताच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. दिग्दर्शन आता ती करते. सबनीस प्रशांत. माझ्यासाठी खुर्ची ठेवली नव्हती, स्कूटरला टेकून उभा राहिलो.

प्रशांत तोंडावर म्हणाला, "ह्यांना काढ ना. एवढंसं वाक्य आहे, कोणीही बोलेल." सुजाता वहीतून मान वर न करता म्हणाली, "नाही. काकाच करतील. त्यांच्याइतकं कोणाला जमणार नाही."

मी सोडून जायला हवं होतं. का गेलो नाही माहीत नाही. तीन वेळा वाक्य म्हटलं, तिन्ही वेळा ती म्हणाली, "ठीक. पुढे." निघताना विचारलं, मि. कसा आहे. म्हणाली, "तुमच्याबद्दल विचारत होता. काकांची सही जबरदस्तीने घेतली असेल, म्हणाला. मी सांगितलं, नाही, चहा देऊन घेतली."

चहाचं तिला कोणी सांगितलं? नलू.

२६ नोव्हेंबर, बुधवार
स्पर्धेचा प्रयोग, मुलुंड. तलवारी या वेळी पुठ्ठ्याच्या, कोणी केल्या माहीत नाही, वेढे ढिले, एकीचं टोक वाकलेलं. मला कोणी सांगितलं नव्हतं करायला.

दुसरा अंक. सदरेवर गेलो. किल्लेदाराने पत्र हातात दिलं. नाटकातलं पत्र म्हणजे कोरा कागद असतो, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला, पहिल्या प्रयोगापासून तोच. आज उघडला तर आत दुसरा कागद. पंचनाम्याचं तिसरं पान, झेरॉक्स. खाली माझी सही.

समोर चारशे माणसं. पहिल्या रांगेत परीक्षक. बाजूला विंगेत सुजाता, हाताची घडी घालून.

बघितलं. घरी जायचं होतं मला, देवाशपथ, तिथून घरी जायचं होतं. म्हणालो, "अक्षर सबनिसांचंच." अडखळलो नाही. एवढंच लिहून ठेवतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार
निकाल. नाटकाला काही नाही. मला अभिनयाचं प्रमाणपत्र. परीक्षक म्हणाले म्हणे, इतका साधा, इतका निर्विकार कारकून बऱ्याच दिवसांनी पाहिला.

सुजाता द्यायला आली. दारातूनच दिलं. नलू आत ये म्हणत होती, आली नाही. म्हणाली, "मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, जमलं शेवटी काकांना." हे बोलताना पहिल्यांदा तिचा आवाज चिरकला. मी जिन्याचा दिवा लावला.

प्रमाणपत्र कपाटावर टाकलंय, पालथं.

१ डिसेंबर, सोमवार
वकीलबाई घरी आल्या. तरुण आहेत, सरळ बोलतात. "तुम्ही रोजनिशी लिहिता असं काकी म्हणाल्या." नलूकडे बघितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "माझ्याकडे काय बघतास? लिवलास ता खरा मा?"

त्यांना बारा तारखेचं पान हवंय. वाचलं त्यांनी, दोनदा. "तीन पानं, मधे बरीच जागा मोकळी. साडेचार. हे त्याच दिवशी लिहिलंत?" हो म्हटलं. पंचनाम्यात चार ते पाच मी हॉलवर आहे. रोजनिशीत साडेचारला ऑफिसात. तलवारींचंही सगळं आधीच्या पानावर आहेच, नऊ तारखेला.

म्हणाल्या, पान फाडून चालणार नाही, अख्खी वही द्यावी लागेल. न्यायाधीशांपुढे दोन्ही पंचांचे जबाब नोंदवायचा अर्ज करते. समोरचा वकील पानन् पान वाचेल, जुन्या वह्या मागेल. तुमच्यावर केस होऊ शकते, नोकरीचं मी काही सांगू शकत नाही. "खोटं सांगून तुम्हाला नेणार नाही, काका."

ह्या पहिल्या, ज्यांनी सही घ्यायच्या आधी सगळं वाचून दाखवलं.

२ डिसेंबर, मंगळवार
रजा टाकली. जुन्या वह्या काढल्या माळ्यावरून. पंच म्हणून गेल्याच्या अकराही नोंदी सापडल्या.

'पंच. भांडुप. चहा पातळ.'
'पंच म्हणून गेलो. कसलीशी पाकिटं. लवकर सुटलो, भाजी घेतली.'
'पंच. बिस्किटंही होती.'

आणि सहा वर्षांपूर्वीचं एक. 'पंच. नाहूर. एक बाई खूप ओरडत होती, माझ्या मुलीने काही केलं नाही म्हणून. डोकं उठलं. सही केली. चहा नाही मिळाला.'

बाईचं नाव नाही. मुलीचं नाही. काय सापडलं होतं ते नाही. आठवायला बसलो. चेहरा आठवत नाही, आवाज आठवतो. चहा न मिळाल्याचं लिहून ठेवलं मी. लाज वाटते. हे कोणाला वाचायला द्यायचं म्हणजे चामडी काढून देण्यासारखं आहे.

नलूने पान वाचलं, मुलीच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, "ता चेडू खंय असात आता?"



४ डिसेंबर, गुरुवार
कोर्ट. साडेअकरा. बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय, कारण नुसतं बसवत नाही. पिशवीत ही वही सोडून बाकीच्या जुन्या वह्या. नलू शेजारी. समोरच्या बाकावर सुजाता, प्रशांत. प्रशांतने नजर दुसरीकडे फिरवली.

मघाशी मि.ला आणलं. दाढी वाढलीय. पोलिसांच्या मधून जाताना माझ्याकडे बघून मान हलवली, तालमीत हलवायचा तशी. आता तुमचा प्रवेश. तुरुंगात जाऊनही दिग्दर्शन सुटत नाही याचं.

वकीलबाई आत आहेत. मला म्हणाल्या, नाव पुकारलं की वही माझ्याकडे द्या. आधी नको, तुमचं मन असेल तरच.

हवालदार आला. हसला. "काका, सकाळपासून बसलायत. घ्या." कागदी कप बाकावर ठेवला, माझ्या आणि नलूच्या मधे. आलं घातलेला, वास येतोय. "दोन शब्द फक्त," म्हणाला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

चहा अजून घेतलेला नाही.

नाव पुकारतायत. आधी पानवाल्याचं. पंच क्रमांक एक.