सरनाईचे आजोबा आणि चंगीझखान

फ्रीमाँट, शुक्रवार, १४ मार्च

आज माझ्या लेकीच्या, इराच्या वर्गात चंगीझखानावर लुटुपुटूचा खटला होता. हाफ डे टाकून गेले. चिठ्ठ्यांमध्ये इराकडे बचाव आला आणि तिच्या मैत्रिणीकडे, सरनाईकडे, आरोप. सरनाई मंगोलियन. तिच्या घरी हॉलमध्ये चंगीझखानाची मोठी तसबीर आहे, आजोबा रोज सकाळचा पहिला चहा त्या तसबिरीपुढे ठेवतात. म्हणून पोर आठवडाभर आमच्याकडेच प्रॅक्टिस करत होती. त्या तसबिरीसमोर त्याला खुनी कसं म्हणणार?

आणि आज आजोबा स्वतःच आले, नेमके माझ्या शेजारी बसले. त्यांना पाहून सरनाईचा आवाजच फुटेना. इरा हळूच म्हणाली, "जस्ट लुक ॲट मी." मग सरनाई बोलली. जाळलेली शहरं, कापलेली माणसं, काहीच सोडलं नाही. इराने बचावात मांडलेले त्याचे टपालाचे घोडे आणि त्याने सगळ्या धर्मांना दिलेली मोकळीक त्यापुढे फिकी पडली. माझी लेक हरली.

मी आजोबांना सॉरी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे! ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "तो आमचा बाप. त्याच्यामुळे आम्ही आहोत. पण त्या शहरांतही आजोबा होते ना."

मग उठून सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या. सरनाई धावत आली आणि त्यांच्या कोटात तोंड खुपसून रडली. मागोमाग इराही गेली. त्यांनी तिलाही तेवढंच घट्ट जवळ घेतलं.