मारुतीच्या साठ फेऱ्या

सोमवार, ३ मार्च

तीन महिने! डॉक्टरनं बोटावर मोजून दाखवले — मार्च, एप्रिल, मे. तेवढ्यात साखर खाली आली न्हाई तर डाव्या पायाचं बोट राहील याची हमी न्हाई, म्हणाला.

शनिवारी त्याच बोटातून टाचणी निघाली. सकाळी कधीतरी घुसली असेल, मला पत्ताच न्हाई! दिवसभर त्याच पायानं शिलाई मशीन मारली. संध्याकाळी केर काढताना माझी सून शीतल ओरडली, "आत्या, फरशीवर हे लाल कशाचं?" तिनं पाय मांडीवर घेतला, टाचणी ओढून काढली, आणि मी नुसती बघत बसले. जसा काही पाय शेजारणीचा.

रोज चाळीस मिनिटं चालायचं. मी म्हणले, साहेब, चाळीस वर्षं झाली, माझे पाय मशीनवर चालूच आहेत. तर म्हणतो, "मावशी, पाय चालतेत. तुम्ही कुठं चालता?" हसायला आलं. बाहेर येऊन रडायलाही आलं.

अनवाणी फिरायचं न्हाई. आणि रोज किती चालले ते लिहून ठेवायचं. म्हणून ही वही. अक्षर वाकडं आहे, असू दे. पोरगा माऊली पहिलीत असताना त्याच्याच पाटीवर गिरवून शिकले मी.

बुधवार, ५ मार्च

पण चालू कुठं?

पुढच्या खोलीत दुकान. लग्नसराईची ब्लाऊजं दोरीवर, खुंटीवर, खाटेवर. माझी उशीसुद्धा अस्तराच्या गठ्ठ्याखाली गेली. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चौदा पावलं. आज तेवढ्यातच सुरू केलं — चौदा तिकडं, चौदा इकडं. तिसऱ्या खेपेला एक बाई दारात. "मावशी, काही हरवलं का?" मंग दुसरी. "मावशी, बाही जरा ढिली करा." माप घेतलं, खडू लावला, चालणं गेलं.

दुखणं कोणाला सांगितलं न्हाई. लग्नसराईत शिंपीण आजारी म्हणलं की बायका कापड उचलून दुसरीकडं जातेत. फक्त शीतलला माहीत. माऊलीलाही अर्धंच सांगितलं. तो जालन्याला कारखान्यात, शनिवारी येतो, त्याच्या डोक्याला ताप कशाला!

शुक्रवार, ७ मार्च

आज सकाळी रस्त्यानं निघाले, घनसावंगीच्या बाजूनं. थंड वारा. छान वाटून राह्यलं होतं.

पहिली गाडी थांबली. "मावशी, बसा, सोडतो." न्हाई म्हणले. दुसरी थांबली. तिसरी राधाकिसनची — माझा नात्यातला दीर, त्याला न्हाई कसं म्हणायचं? "वहिनी, कुठं निघाल्या?" म्हणले, कुठंच न्हाई, असंच चालून राह्यले. त्यानं माझ्या हाताकडं पाह्यलं, पिशवी न्हाई. पायाकडं पाह्यलं. मंग आवाज बारीक करून, "घरात काही झालं का? सून बोलली का?"

गाडीवर बसवून घरी आणून सोडलं त्यानं!

अकरा वाजता माऊलीचा फोन. "माय, तू रुसून घर सोडून निघालती म्हणे?" शीतल हसून हसून खाली बसली. मीही हसले. पण चालणं झालं बारा मिनिटं.

मंगळवार, ११ मार्च

शीतल म्हणाली, आत्या, जिममध्ये जाऊ. खताच्या दुकानावर आर्यननं काढलीय. बायकांची वेळ दुपारी दोन ते चार.

तिथं एक पट्टा आहे. आपण जागेवरच, आणि खालची जमीन पळते. आर्यन भला पोरगा. "आजी, घाबरू नका, मी हळू ठेवलाय." ठेवला हळू! पण लुगड्याचा काठ पट्ट्यात गेला. शीतलनं धावून बटण दाबलं म्हणून वाचले, न्हाईतर सगळ्या पोरींसमोर…

घरी आलो तर दारात चार बायका बसलेल्या. दुपारी दोन ते चार हीच बायांची ब्लाऊज घालून बघायची वेळ. जिम जमायची न्हाई.

शनिवार, १५ मार्च

शाळेच्या मैदानाला कुलूप. चालले शून्य.

सोमवार, १७ मार्च

सापडली जागा!

वेशीजवळचं मारुतीचं देऊळ. भोवती फरशी, वर लिंबाची सावली, गाडी यायला वाट न्हाई. आणि देवळाभोवती फिरणाऱ्या बाईला कोणी "बसा, सोडतो" म्हणत न्हाई! सहा वाजता गेले, सात वाजता मशीनवर हजर. पुजारी राधेश्याम महाराज चपलेला नको म्हणाले. मंग मी कापडाचे मोजे शिवले, तळाला जाड पट्टा, आत जुन्या गोधडीचा तुकडा. ते चालतेत म्हणाले.

एका फेरीला चाळीस-एक सेकंद. म्हणजे साठ फेऱ्या. मोजायला घरातली बटणं घेतली. साठ बटणं ओच्यात, एक फेरी झाली की एक बटण लिंबाच्या पारावर ठेवायचं. शीतलनं शर्टाची निवडून दिली, "एकसारखी घ्या आत्या, देवासमोर बरी दिसतील."

आज साठ.

मंगळवार, २५ मार्च

आज एक चूक झाली. लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

सत्यशीला रोज पाणी घालायला येते मारुतीला. आठ दिवस बघत होती. आज मधेच उभी राहिली. "दुर्गाबाई, किती दिवसांचं धरलंय?"

मी म्हणले, तीन महिन्यांचं.

तिचे डोळे भरून आले. "नातवासाठीच ना?"

पन्नास फेऱ्या झालेल्या, दम लागलेला. न्हाई म्हणलं असतं तर मंग कशासाठी, हे आलं. साखर आली, बोट आलं, घटकाभरात गावभर झालं असतं. सत्यशीलाच्याच पोरीच्या लग्नाची तेरा ब्लाऊजं माझ्याकडं.

"होय," म्हणले.

किती सोपं गेलं तोंडातून!

शुक्रवार, ४ एप्रिल

साखर खाली आली. डॉक्टरनं पाठ थोपटली. बोटाला चिमटा घेतला तर थोडं कळलं! जालन्याहून येताना बसमध्ये मी सारखी बोट हलवून बघत होते.

देवळात बायका आता माझ्यासाठी फरशी झाडून ठेवतेत. एकदोघी सोबत फिरतेत. बटणांना हात लावून पाया पडतेत. शर्टाच्या बटणांना! मी काही बोलत न्हाई. शीतलला यातलं काही माहीत न्हाई. सांगायला पाहिजे. उद्या सांगते.

शनिवार, १२ एप्रिल

उद्या उद्या म्हणत राह्यले.

आज हनुमान जयंती. देवळात गर्दी. शीतल प्रसादाला आलती. सत्यशीलानं सगळ्यांसमोर तिच्या ओटीत नारळ घातला. "सासू एवढ्या वयात फिरतीय तुझ्यासाठी. तू बी शनिवार धर. पदरात पडंल."

शीतल नारळ घेऊन घरी आली. तो मशीनवर ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं — व्यायामच आहे गं तो, तुला तर माहीतच आहे…

"मंग होय कशाला म्हणल्या?"

तो नारळ मी मशीनवरून उचलला, पुन्हा तिथंच ठेवला.

दोनदा दिवस राहिले तिला. दोनदा गेले. दोन्ही वेळा मीच होते जवळ. दुसऱ्यांदा मी तिला शब्द दिलता, ह्या घरात हा विषय निघणार न्हाई.

ती रडली न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "सगळी दुनिया विचारायची आत्या. नळावर, लग्नात, बसमध्ये. एक तुम्हीच न्हाई विचारलं कधी. म्हणून मी इथं जीव लावून राह्यले."

रविवार, १३ एप्रिल

भोकरदनला गेली, माहेरी. माऊली सोडायला गेला. जाताना बारा ब्लाऊजांचे हूक लावून ठेवले तिनं. घडी घालून.

बुधवार, १६ एप्रिल

फोन उचलत न्हाई.

देवळात गेले न्हाई तीन दिवस. तर सत्यशीला घरी. "सून गेली म्हणून नवस अर्धा टाकता का? तिला दोष लागंल ना बाई!"

काय करू? बंद केलं तर म्हणतील शीतलमुळं मोडला. चालू ठेवलं तर रोज साठ वेळा खोटं बोलायचं, तेही देवाला उजवा हात देऊन. रस्त्यानं जावं तर गाड्या थांबतेत, आणि आता तर सून खरंच घरात न्हाई. एवढं मोठं तीर्थपुरी, आणि माझ्या दोन पायांना जागा न्हाई!

चालले शून्य. शून्य. शून्य.

शनिवार, १९ एप्रिल

आज ठरवलं, लग्नसराई गेली खड्ड्यात. देवळात बायका जमलेल्या असतानाच मोजा काढला. पाय पुढं केला. "हा नवस न्हाई. मला साखर आहे. ह्या बोटासाठी चालते मी. नातवासाठी न्हाई. मी खोटं बोलले."

सगळ्या सत्यशीलाकडं बघायला लागल्या.

मंग सत्यशीला माझ्या पाठीवरून हात फिरवत दुसरीला म्हणाली, "बराबर आहे. नवस बोलून दाखवला की फळत न्हाई. म्हणून झाकून राह्यल्या बिचाऱ्या."

आणि बायकांनी मान हलवली! एकीनंही पायाकडं बघितलं न्हाई. मला समजूतदार म्हणाल्या!

घरी येऊन कात्री हातात घेतली आणि तशीच बसले. कापायचं काय होतं, तेच आठवेना.

मंगळवार, २२ एप्रिल

भोकरदनला जाऊन आले. दुकान बंद ठेवून.

विहीणबाई, गोपिकाबाई, दारातच. "तुमच्या मनात होतं तर पोरीला तोंडावर म्हणायचं. गावाकडून कशाला म्हणवलं?" मी म्हणले, मनात नव्हतं हो. त्या म्हणाल्या, "मंग मारुतीपुढं खोटं बोलल्या का?" दोन्हीकडून मीच.

शीतल पाणी घेऊन आली. पाया पडली. मंग तिची नजर खाली गेली. बसच्या धक्क्यात कशाला तरी बोट घासलं होतं, मोज्यावर डाग. पुन्हा कळलंच न्हाई मला. तिनं गरम पाणी आणलं, धुतलं, पट्टी बांधली. तिचे हात तेच. मी म्हणले, शीतल, चुकलं माझं. दुकानासाठी बोलले मी ते. तुझा विचारच केला न्हाई.

तिनं पट्टीची गाठ मारली. "निघा आत्या. जालन्याची गाडी चुकंल."

एवढंच.

सोमवार, २८ एप्रिल

साखर मार्चपेक्षा वर. जखम काळी दिसायलीय. डॉक्टर आज हसला न्हाई. जखम भरायला लागेपर्यंत थोडंच चाला, पण चाला. पंधरा दिवसांनी या, मंग ठरवू — बोट ठेवायचं की काढायचं.

माऊली सोबत होता. सगळं ऐकलं त्यानं. रस्त्यात म्हणाला, "माय, मला का न्हाई सांगितलं?" मी म्हणले, तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून. म्हणाला, "सगळ्यांना काहीतरी नको म्हणून तू आज इथवर आलीस."

पोटचं पोरगं. खरंच बोललं.

गुरुवार, १ मे

कापडं तीन बायकांनी परत नेली. ज्याच्या भीतीनं खोटं बोलले तेही झालंच शेवटी.

घरात चौदा पावलं. दहा खेपा. भिंतीशी गेलं की वाटतं, इथंच टेकावं.

शनिवार, ३ मे

संध्याकाळच्या गाडीनं माऊलीसोबत शीतल आली!

पिशवी ठेवली. पट्टी बदलली. उरलेल्या ब्लाऊजांना हूक लावायला बसली. माझ्याशी अक्षर बोलली न्हाई. मीही विचारलं न्हाई, राहायला आलीस की न्यायला काही. माझी हिंमतच न्हाई झाली.

रविवार, ४ मे

उठले तर शीतलचं अंथरूण रिकामं. पिशवी जागेवर होती, तरी तशीच स्टँडकडं निघाले, लंगडत. वेशीजवळ थांबले.

शीतल मारुतीला फेऱ्या घालून राह्यलती. बायका बाजूला उभ्या. सत्यशीलानं विचारलं, "तू बी धरला का गं? कशासाठी?"

"सासूच्या पायासाठी," शीतल म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तेव्हा कुठं बायकांनी माझ्या पायाकडं बघितलं.