मुकादमाची मोजणी

प्रिय खारूताई,

पत्र बघून घाबरशील म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे खुशाल आहेत. खुशाल म्हणजे चालतात-फिरतात, वेळेवर जेवतात आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खातात. फोनवर तू ‘बरं बाबा, कामात आहे, ठेवते’ म्हणतेस, मी ‘बरं’ म्हणतो, तेवढ्यात मागून आजी ‘मला दे, मला दे’ करत येते आणि तिच्या हातात फोन जाईपर्यंत तू गेलेली असतेस. मग ती बंद फोनलाच ‘जेवत जा गं वेळेवर’ असं सांगते आणि समाधानाने तो माझ्या हातात देते. असल्या फोनवर गाऱ्हाणं कसं मांडायचं? आणि माझं गाऱ्हाणं मोठं आहे. ते तुझ्या कुत्र्याबद्दल आहे. हो, तुझ्याच. माझा तो कधीच नव्हता.

थोरल्या काकांनी मेंढ्या विकल्या आणि हे धूड टेम्पोत घालून आपल्या दारात आणून सोडलं, तेव्हा मी स्पष्ट म्हणालो होतो की शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात मेंढपाळाच्या कुत्र्याचं काय काम? तू तेव्हा घरी होतीस. तूच त्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणालीस, ‘राहू दे ना बाबा, म्हातारा झालाय, कुठे जाईल?’ नावही तूच ठेवलंस. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला दुकानातून, आजीला ओसरीतून आणि तुला गच्चीवरून ढोसत ढोसत आणलं, तुझी आई होती त्या स्वयंपाकघरात आपल्या चौघांना कोंबलं आणि दारात आडवा पडला. तू हसत हसत म्हणालीस, ‘हा तर मुकादम आहे!’ झालं. तेव्हापासून आमच्यावर मुकादमी चालू आहे आणि नाव ठेवणारी बाई मात्र शहरात जाऊन बसली आहे.

दुकानाचं सांगतो. गिऱ्हाईक आत येतं ते त्याला चालतं. बाहेर जाऊ लागलं की ते मात्र चालत नाही. परवा कोपऱ्यावरची शिंपीणबाई तिचं मशीन न्यायला आली. पट्टा नवा घातला होता, तेल दिलं होतं, टाका तपासून दाखवला, काम संपलं. ती उंबऱ्याशी गेली, हा आडवा. ती डावीकडून, हा डावीकडून. ‘अहो, हा मला सोडत नाहीये!’ तोवर समोरचा टेलरमास्तर बॉबिन मागायला आत आला, तर यानं त्यालाही तिच्याशेजारी भिंतीशी नेऊन उभं केलं. ते दोघं एका गिऱ्हाइकावरून भांडून कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, हे तुला माहीत आहेच. मी आत दोरी शोधायला गेलो आणि बाहेर येतो तर मास्तर तिला विचारतोय, ‘तुमच्या गुडघ्याचं काय झालं मग?’ आता दोघं रोज येतात. काम काही नसतं. ‘मुकादम कसा आहे?’ म्हणून येतात, चहा पितात आणि माझ्या स्टुलावर बसून मलाच उभं ठेवतात.

सकाळी मी देवाजवळ बसतो तेव्हा मला कोणी हाक मारलेली चालत नाही, हे या घरात लहानपणी तुलाही कळत होतं. त्याला कळत नाही. मी डोळे मिटले की मानेला ओलं नाक लागतं. कारण काय, तर तुझी आई चुलीशी, आजी ओसरीत आणि मी इथे, म्हणजे कळप पांगला. सगळ्यांना एका जागी आणल्याशिवाय तो मला देवाशी बोलू देत नाही. आता तुझी आई भाजी चिरायला माझ्या शेजारी येऊन बसते, आजी भिंतीला टेकून पेंगते आणि मधेच डोळे उघडून ‘झालं का तुझं? देव काही पळून जात नाही, चहा निवतोय,’ म्हणते. आयुष्यभर जो एक एकांत सांभाळला, तोही गेला. खरं सांगू? परवा एकदा सकाळी त्या दोघी उशिरा उठल्या तर मला त्या रिकाम्या खोलीत प्रार्थनेची एकही ओळ आठवेना. पण ते असो. मी गाऱ्हाणं सांगतोय.

मुख्य त्रास रविवारचा. तू होतीस तेव्हा आपण रविवारी सकाळी तळ्यापर्यंत फिरायला जायचो. तू पुढे, आजी तिच्या काठीने दगडांना शिव्या देत मागे, तुझी आई थर्मास घेऊन, आणि हा आपल्याभोवती गोल गोल फिरत. त्याच्यासारखा सुखी जीव मी पाहिला नाही. तू गेलीस त्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. बसस्टॉपपर्यंत नीट आला. तिथे थांबला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, एकदा आजीकडे. मग परत पहिल्यापासून. मग रस्त्याकडे तोंड करून बसला तो बसलाच. बिस्किट दाखवलं, ओरडून पाहिलं, आजीने तर ‘ऊठ रे बाबा, माझं ऊन चढतंय,’ म्हणून त्याला हात जोडले. हलला नाही. थोरल्या काकांना फोन केला तर ते म्हणतात, ‘एक जरी मेंढरू कमी असलं तर तो वाड्याकडे निघत नाही. पावसात, थंडीत, कुठेही. मी त्याला शिकवलेलं नाही, तो तसाच आहे.’ आणि पुढे मलाच दम, ‘तू तुझी माणसं नीट मोज की!’

आता खरी फजिती ऐक. तुझ्या मामाच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. त्याच्या डोक्यातून कल्पना निघाली की सांडू नये म्हणून मी आधी तेलाची बाटली उचलून ठेवतो, पण या वेळी तुझ्या आईनेही साथ दिली. कपाटातून तुझा निळा स्वेटर काढला आणि मामाने तो अंगात घातला. घातला म्हणजे पोटापर्यंत आला, खाली बनियन. वर तुझी विणलेली टोपी. मामा म्हणाला, ‘कुत्र्याला काय, वास आला की पुरे.’ अशी आमची वरात बसस्टॉपवर पोचली. मुकादमाने स्वेटर हुंगला. शेपटी हलली. तुझी आई माझ्या हाताला चिमटा काढून म्हणाली, ‘फसला, फसला!’ मग त्याने स्वेटरमधल्या मामाला हुंगलं, वर त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि असा काही सुस्कारा टाकला की मला माझे शाळेतले गुरुजी आठवले. पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसला. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पुढच्या रविवारी आम्ही दाराबाहेर पडलो तर हा स्टॉपकडे निघेना. गल्लीच्या टोकाला मामाच्या घराकडे जाऊन दार खरवडायला लागला. म्हणजे त्याने मामाला तू मानलं नाही, पण कळपात मात्र घेतलं. एक कमी होता तो होताच, वर एक वाढला! आता दर रविवारी मामाला झोपेतून उठवून, त्याची बडबड ऐकत, त्याच्या गुडघ्यांच्या तालावर न्यावं लागतं, आणि जायचं कुठे? बसस्टॉपपर्यंत.

तिथेच बसतो मग आम्ही. दुसरं काय करणार? स्टॉपच्या बाकावर आजी आणि आई, मी आणि मामा कठड्यावर, थर्मास मधे, बिस्किटं मांडीवर. बस आली की मुकादम उठतो, उतरणाऱ्या प्रत्येकाला नीट बघतो आणि परत बसतो. सुरुवातीला ड्रायव्हर आमच्यासाठी बस थांबवायचा आणि आम्ही हाताने ‘जा, जा’ करायचो. एकदा चिडून म्हणाला, ‘चढायचं नाही तर स्टॉपवर सहल कसली काढता?’ आता तो ओळखीचा झालाय. कंडक्टर दारातूनच मुकादमाला ‘आज पण नाही रे राजा,’ म्हणून सांगतो. आजीला हे सगळं फार आवडलंय. उतरणाऱ्या प्रत्येकाबद्दल तिचं मत असतं. हा सासुरवाडीला आलाय, बूट चावताहेत त्याला. ही बाई नवऱ्याशी भांडून आली, पिशवी बघ कशी धरलीय. परवा एक जाडा गृहस्थ उतरला आणि आजी म्हणाली, ‘मामा, तुझा स्वेटर याला दे,’ तर तुझी आई इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. तिला असं हसताना मी तुझ्या निकालाच्या त्या मंगळवारानंतर पहिल्यांदाच बघितलं. मी मात्र मनातून वैतागलेलोच होतो. अख्खा रविवार धूर खात बसस्टॉपवर घालवायचा, आणि घरच्यांना ते गोड लागायला लागलं म्हणजे माझं कोण ऐकणार?

म्हणून गेल्या रविवारी मी ठरवलं की बस्स. गळ्यात दोरी घातली आणि त्याला ओढत तळ्यावर नेलं. सगळे निमूट आले. पाणी छान होतं, बदकं होती, आपला नेहमीचा दगडसुद्धा रिकामा होता. आम्ही चादर पसरली. मुकादम आमच्याकडे पाठ करून, आलो त्या रस्त्याकडे तोंड करून पडून राहिला. आईने चहा ओतला आणि सवयीने एक कप जास्त ओतला. त्या कपाकडे कोणी बघेना, आणि दुसरीकडेही कोणी बघेना. शेवटी आजी काठी टेकून उठली आणि म्हणाली, ‘चला, स्टॉपवर जाऊ. इथे करमत नाही.’ आणि मला म्हणाली, ‘त्याला कशाला ओढतोस? जिला बोलवायचं तिला बोलव की.’

तर हे पत्र त्यासाठी आहे. तू आईला सांगितलंस म्हणे, की पुढच्या वेळी पास झाल्याशिवाय, काही करून दाखवल्याशिवाय घरी तोंड दाखवणार नाही. त्या मंगळवारी न जेवता पहिल्या बसने गेलीस, तेव्हाच मी ते समजलो होतो. फोनवर ते बोलायची आईने मला शपथ घातली आहे, पत्राची घातलेली नाही. परीक्षा दे, नको देऊस, तुझ्या मनाचं तू बघ, मला त्यातलं फार कळत नाही. मला एवढंच आठवतं की आमच्या शाळेची सहल नदीवर जायची आणि परतताना गुरुजी आम्हाला रांगेत उभं करून डोकी मोजायचे. वर्गात ते मार देताना पहिला कोण, नापास कोण, सगळं हिशेबात धरायचे. पण नदीकाठी एक डोकं कमी भरलं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा, मग ते डोकं कुणाचंही असो. या मुकादमाचं तसंच आहे, आणि खरं सांगायचं तर मी सकाळी डोळे मिटून देवाजवळ जे पुटपुटतो, तेही दुसरं काही नसतं. एकेकाचं नाव घेतो, आणि तुझ्यापाशी येऊन अडतो. तेव्हा या रविवारी सकाळच्या बसने ये. हवं तर संध्याकाळच्या बसने परत जा. कोणी काही विचारणार नाही, आजीला मी बजावलं आहे, मामाला कोंडून ठेवता येत नाही पण त्याने तुझा स्वेटर ताणून झबलं केलंय, त्यामुळे तोच तुझ्यासमोर मान खाली घालून असेल. तुला न्यायला स्टॉपवर येऊ का, हे मी विचारत नाही. आम्ही तिथेच असतो.

तुझाच,
बाबा