अर्धा ग्लास

मंगळवार, १४ मे

आज ऑफिसात नव्यानं लागलेल्या पूजाला सगळ्यांसमोर ताडकन बोललो. तिनं उरलेलं अर्धा ग्लास पाणी बेसिनमध्ये ओतलं म्हणून. "लागेल तेवढंच घ्यावं माणसानं!" पोरगी कानकोंडी झाली. चूक तिचीच, पण एवढा आवाज चढवायची गरज होती का?

मी नवा होतो तेव्हाही दुष्काळच होता. शहराला पाणी देणारा हर्सूलचा तलाव आटलेला, अख्ख्या ऑफिसला दिवसाला एकच माठ. मीही एकदा अर्धा ग्लास पाणी तसंच टाकून उठलो होतो. आमचे हेडक्लार्क काझीसाहेब तेव्हा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः उठले, माठातून अर्धाच ग्लास भरून माझ्यापुढं ठेवला. हळूच म्हणाले, "अजून लागलं तर मागा. शरमायचं नाय." शेजारच्या टेबलालासुद्धा कळलं नाही.

आता शहर पार बिडकीनपर्यंत गेलंय, टँकर तेवढे कायम. काझीसाहेबांच्या खुर्चीत मी बसतो. नुसता बसतो.

पाच वाजता पूजानं माझ्या टेबलावर पाणी आणून ठेवलं. अर्धाच ग्लास.

"अजून लागलं तर सांगा, सर."

टोमणा नव्हता, अगदी साधं बोलली. मला मान वर करवेना.