बाबांच्या ओठांवरचं वाक्य

प्रिय ताई,

पत्र बघून दचकशील. फोनवर तू रडायला लागतेस आणि मी भलतंच काहीतरी बोलून बसतो, म्हणून या वेळी कागद घेतला.

बाबांची खोली आवरली. चष्म्याच्या चार मोडक्या काड्या त्यांनी डब्यात जपून ठेवल्या होत्या. चिकटपणात आपण त्यांच्यावर गेलो नाही, हे बरंच झालं. तुझा एकही फोटो सापडला नाही. खोटं कशाला सांगू, शोधला होता. आई तुझ्याकडे राहायला आली आणि तिथेच वारली, याचा राग त्यांनी बारा वर्षं धरला. ती आपणहून तुझ्याकडे गेली होती, हे मी किती वेळा सांगून पाहिलं! मी बोलायला लागलो की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

आमच्या स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आलाय. माझं काम तुला कधी धड कळलं नाही, म्हणून सांगतो. समोर दुसऱ्या भाषेतला सिनेमा चालतो, त्यातल्या माणसांच्या ओठांवर आमचे कलाकार आपली वाक्यं बसवतात आणि मी ती रेकॉर्ड करतो. जुन्या कॉम्प्युटरवर आवाज सरळ चालायचा, पण चित्र अडखळायचं, मधलं काहीतरी गाळून पुढे उडी मारायचं. कलाकार बिचारे अंदाजाने बोलायचे. आता चित्र आणि आवाज अगदी जोडीने चालतात, पापणी लवण्याइतकाही फरक पडत नाही.

चाचणी घ्यायची म्हणून मी मोबाइलमधला बाबांचा व्हिडिओ लावला. अकरा सेकंदांचा. गळ्यात नळी, आवाज नाही, हातात पेन्सिल धरवत नाही, नुसते ओठ हलतायत. त्या दुपारी दवाखान्यात मी ‘बबीला बोलव’ एवढं वाचलं आणि बाहेर येऊन तुला फोन लावला. तू मिळेल ती गाडी धरून निघालीस. पोचलीस तेव्हा त्यांच्या पलंगावर नवी चादर घातलेली होती. नंतर मी तो व्हिडिओ जुन्या कॉम्प्युटरवर पाहिला होता, पण तिथे शेवटी शेवटी चित्र उडी मारायचं.

मनात होतं, ते वाक्य माझ्या आवाजात त्यांच्या ओठांवर बसवावं आणि तुला पाठवावं. माझा आवाज त्यांच्यासारखा आहे, असं तूच म्हणतेस. पण माझं वाक्य संपायचं आणि त्यांचे ओठ हलतच राहायचे. सावकाश बोललो, तर पहिला शब्दच चुकायचा. कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला. शेवटी आमच्या एका डबिंगवाल्या बाईंना बसवलं. वीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या ओठांवर बोलतायत. माणूस कोण, हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी तीनदा पाहिलं आणि माइकपाशी वाकून म्हणाल्या, “बबीला बोलवू नकोस.”

बाबांचे ओठ मिटले तिथेच बाईंचं वाक्य संपलं. कुठल्या सिनेमातला सीन, असं त्यांनी विचारलं. जुना आहे, म्हटलं.

मी तुला मुद्दाम फसवलं नाही गं. मला तेच वाचायचं होतं, म्हणून तेवढंच दिसलं. हे सांगायचंच नाही, असं ठरवलं होतं. पण काल भाऊजींचा फोन आला. तू अजून बॅग उघडलेली नाहीस, जेवत नाहीस, बाबांनी बोलावलं आणि मी पोचले नाही, एवढंच म्हणत बसतेस, असं सांगत होते. यातल्या कशाने तुला कमी दुखेल, ते मला कळत नाही. पण माझ्या चुकीपायी तू स्वतःला दोष देऊ नयेस. तुला उशीर झाला नाही, ताई. माझ्याशिवाय तिथे तुझी कुणी वाट बघत नव्हतं.

तुझाच,
बारक्या