पहिल्या पसंतीची खोली

मंगळवार, २८ जुलै २०२०

हॉस्टेलच्या ऑफिसची ईमेल. तीनपैकी सी ब्लॉक बंद करणार. मार्चमध्ये निम्मी मुलं घरी पळाली, खोल्या ओस पडल्या, म्हणून उरलेल्यांची नव्याने वाटणी. उरलेल्यांची म्हणजे आमचीही. पाच पसंतीक्रम भरायचे, सोमवारी पाचपर्यंत. मग डिसेंबरपर्यंत जिथे लागेल तिथे.

आता हे काय नवीन. आहे ते बरं चाललंय ना? चाललंय का? आज सकाळीच टेसने माझ्या पोह्यांच्या कढईत बेकन तळलं. वर म्हणते, "सॉरी मेट, लुक्ड लाइक अ स्पेअर वन." आणि सिमरन (सि.) बाथरूममध्ये पंजाबी गाणी म्हणते, तेही माझं झूम ट्यूटोरियल चालू असताना. तिघींत एक किचन, एक बाथरूम. मेलबर्नला लॉकडाऊन. माणूस जाणार कुठे.

असो. असाइनमेंट अर्धी राहिली आहे.

बुधवार, २९ जुलै

बाबांना फोन. इथे दुपार, चिंचवडला सकाळ, चहा चालू होता. फॉर्मचं सांगितलं आणि त्यांचा आवाजच बदलला. कितीतरी दिवसांनी इतके खूष.

दरवर्षी जूनपासून आमच्या सोसायटीतले निम्मे आईबाप बाबांकडे. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा तर फडकेकाकांनीच. मागच्या तीन वर्षांचे कट-ऑफ एक्सेलमध्ये, रंग लावून. माझाही त्यांनीच भरला होता. यंदा सीईटीच पुढे गेली, बाबांकडे कोणी येत नाही. आई म्हणते नुसते खिडकीत उभे असतात.

"किती ऑप्शन? पाचच? हात्तिच्या. लिस्ट पाठव."

पाठवली.

शुक्रवार, ३१ जुलै

एक्सेल आलं. सहा कॉलम! बिल्डिंग, मजला, खिडकीची दिशा (ही कुठून काढली?), मागच्या वर्षी कोणती खोली किती लवकर भरली. ही शेवटची माहिती त्यांनी हॉस्टेलच्या जुन्या पानांवरून काढली म्हणे.

बाबांचं शास्त्र: वरचे दोन ऑप्शन स्वप्नातले. ते लागत नाहीतच, पण टाकायचे. तिसरा आपला खरा. चौथा-पाचवा पडलो तर गादी म्हणून. "न लागणारं वर टाकल्याने काही बिघडत नाही, ऋचा. लोक घाबरून खालचं वर टाकतात आणि फसतात."

तर १ व २: ए ब्लॉकचे स्टुडिओ. स्वतःचं किचन, स्वतःचं बाथरूम, उत्तरेची खिडकी (इथे ऊन तिकडूनच येतं). दरवर्षी पहिल्या तासात संपतात. ३: आमचाच फ्लॅट, सि. आणि टेसबरोबर.

मी विचारलं, तिसरा का, पहिलाच टाकते ना. बाबा हसले. "तो तर तुझ्या हातातच आहे. हातातलं कोणी पहिलं टाकतं का?"

पटलं. म्हणजे पटल्यासारखं झालं.

रविवार, २ ऑगस्ट

लॉकडाऊन अजून कडक झाला. रात्री आठनंतर बाहेर नाही, पाच किलोमीटरच्या पलीकडे नाही, दिवसाला एक तास चालायचं, दुसऱ्याच्या घरात जायचं नाही. आमच्या हॉस्टेलमध्ये एक फ्लॅट म्हणजे एक घर. शेजारच्या फ्लॅटमध्येसुद्धा पाऊल टाकायचं नाही.

सि. टीव्हीसमोरच बसून होती. ती नर्सिंग शिकते, आठवड्यातून तीन शिफ्ट एका वृद्धाश्रमात. एप्रिलमध्ये तिची टेस्ट झाली आणि रिपोर्ट यायला दोन दिवस लागले, तेव्हा मी आणि टेस तिच्या बंद दाराबाहेर खुर्च्या टाकून बसायचो. आतून ती, बाहेरून आम्ही. तिघींनी एकत्र खिचडी खाल्ली, मधे दार.

आज जेवताना टेस म्हणाली, "सो, सेम फ्लॅट, येह? फॉर्म्स?"

सि. म्हणाली, "ऑफ कोर्स."

मी म्हटलं, "हो हो." खोटं नव्हतं. तिसऱ्या नंबरवर टाकायचाच होता.

सोमवार, ३ ऑगस्ट

फॉर्म भरला. बाबा व्हिडिओवर. स्क्रीन शेअर करायला लावली, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतली. सबमिट. आईने मागून विचारलं, "झालं का ॲडमिशन?"

खूप बरं वाटलं. लहान झाल्यासारखं.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

लागलं. पहिला ऑप्शन. ए ब्लॉक, स्टुडिओ, उत्तरेची खिडकी.

मी ईमेल उभी-आडवी वाचली. तेवढ्यात किचनमधून टेस ओरडली, "वी गॉट इट!" आणि मग, "हू द हेल इज लिन?"

ऑफिसात धावले. काचेपलीकडे ग्लेन, तिथला मॅनेजर, साठीचा, गोड माणूस. म्हणाला, "लकी यू! फर्स्ट प्रेफरन्स." मी म्हटलं, पण स्टुडिओ तर कधीच मिळत नाहीत. तो हसायला लागला. "धिस यिअर? नोबडी वॉन्ट्स अ स्टुडिओ, लव्ह. आठपैकी पाच रिकामे आहेत. कोणाला एकटं राहायचंय या दिवसांत?"

एकत्र राहायचं असेल तर सगळ्यांनी तोच फ्लॅट पहिल्या नंबरवर टाकायचा, असं फॉर्मच्या वर ठळक अक्षरात होतं म्हणे. आम्ही खालचा तक्ता बघत होतो. वरचं कोण वाचतं.

दुसरा राउंड कधी, विचारलं. ग्लेनला प्रश्नच कळला नाही. दुसरा राउंड नाही. बेटरमेंट, म्हणजे बदलून मागायची सोय, नाही. पहिलं लागलं म्हणजे लागलं. कॅपमध्येही पहिलं लागलं की सीट आपोआप फ्रीझ होते, हे मला माहीत नव्हतं का? मलाच माहीत होतं!

हसावं की रडावं.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

सि.ने विचारलंच. "तूने पहले नंबर पे क्या डाला था?"

मी कॅप राउंड समजावायला लागले. स्वप्नातले दोन, खरा तिसरा. एक्सेल दाखवलं. टेसला तर काहीच बोध झाला नाही. "बट व्हाय वुड यू पुट द थिंग यू वॉन्ट थर्ड?"

चिंचवडला ते इतकं सरळ वाटतं.

सि. फक्त एवढंच म्हणाली, "मैंने तो एक ही डाला था. बाकी चार खाली छोड़े." आणि शिफ्टला निघून गेली. तोंडात मारल्यासारखं झालं.

बाबांचा मेसेज, "अभिनंदन!! सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?" आईने देवापुढे साखर ठेवली.

कुठल्या तोंडाने सांगू?

रविवार, ९ ऑगस्ट

हलले. चार फेऱ्या, ट्रॉलीवरून. टेसने कढई घासून, चकचकीत करून दिली. मला रडू फुटलं, तिला वाटलं कढईमुळेच. "इट्स जस्ट बेकन, मेट, इट वॉश्ड ऑफ."

जिन्यात लिन भेटली. मास्कमुळे डोळेच दिसले. मलेशियाची, इपोहची, फार्मसीला. हातात भाताचा कुकर, एखादं मूल धरावं तसा. सी ब्लॉकमध्ये तिच्या कॉरिडॉरमध्ये एप्रिलपासून ती एकटीच होती म्हणे. मला विचारते, "फ्रिजमध्ये माझं शेल्फ कुठलं असेल?"

म्हटलं, मधलं. माझं होतं.

सोमवार, १० ऑगस्ट

स्टुडिओ सुंदर आहे. खोटं कशाला बोलू. ऊन येतं. बाथरूम कोरडं. ट्यूटोरियलमध्ये कोणी गात नाही.

दुपारी खिचडी केली, तीन जणींची झाली. सवय.

मला हेच हवं होतं का? बाबांनी टाकलं की मी टाकलं? तक्रारी तर मीच करत होते महिनाभर, कढई, गाणी, बाथरूममधले केस. मग बाबांनी ऐकलं ते चूक कसं? आणि मला खरंच लागायला नको होतं, तर सबमिट करताना पोटात जी छोटीशी गुदगुली झाली ती कसली होती? डोक्याचा पार भुगा झालाय. एका मिनिटाला वाटतं शांत आहे, पुढच्या मिनिटाला भिंतीला कान लावून बसते. भिंतीपलीकडचा स्टुडिओही रिकामा आहे.

मंगळवार, ११ ऑगस्ट

ग्लेनकडे परत. अदलाबदल होऊ शकते! दोघींची लेखी संमती हवी, शुक्रवारी पाचच्या आत. एकाच कागदावर दोन सह्या. "कोणाबरोबर स्वॅप करायचंय?"

"लिन."

तो "राइट," म्हणाला आणि फॉर्म दिला.

सि.ला मेसेज केला. उत्तर तासाभराने आलं, "आ जा यार. पर लिन को तू बता. मैं नहीं बताऊँगी."

म्हणजे राग गेला? की नाही गेला?

बुधवार, १२ ऑगस्ट

रोजच्या एका तासात लिनबरोबर चालले, दीड मीटर अंतर ठेवून. सांगायचंच ठरवून गेले होते. तीच बोलत राहिली. टेस तिला पावलोव्हा नावाचा केक शिकवणार आहे. सि. शिफ्टहून आली की तिघी मिळून जेवतात. "चार महिने मी लॅपटॉपसमोर जेवत होते. घरच्यांना वाटायचं मी त्यांच्याशी बोलतेय, म्हणून मजेत आहे."

तिनेही एकच पसंती भरली होती. कोणताही फ्लॅट, माणसं असलेला.

जवळच्या तलावाभोवती दोन फेऱ्या झाल्या. शेवटी सांगितलं. कसंतरी, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांत. सगळं सांगितलं, एक्सेलसकट. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "सो इट वॉज युअर होम." मी म्हटलं, हो. हा शब्द मी त्या फ्लॅटसाठी आधी वापरलाच नव्हता. तिने फॉर्म मागून घेतला, "आय विल थिंक."

परत येताना मला स्वतःची लाज वाटत होती आणि आशाही. दोन्ही एकदम.

गुरुवार, १३ ऑगस्ट

बाबांना खरं सांगितलं. सगळं. मला वाटलं नेट गेलं.

मग म्हणाले, "कट-ऑफ मागच्या वर्षीचा धरला. या वर्षी लोकांना काय हवंय, ते बघायला हवं होतं." नेहमीचे बाबा, हिशेब तपासणारे. आणि मग एकदम, "तुला काय हवंय ते मी विचारलंच नाही ना गं?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं असतंत तरी मला सांगता आलं नसतं, बाबा."

"आता सांगता येतं?"

"तिकडे जायचंय परत."

"मग जा की."

"पण तिकडे लिन आहे."

यावर बाबांकडे कॉलम नव्हता. आईने फोन घेतला आणि काय खाल्लंस विचारलं. बाबा मागे उभे होते, दिसत होते. केस किती पांढरे झालेत त्यांचे. मला त्यांचा राग यायला हवा होता, नुसती माया आली. बाबांचं अंगण एवढंसं झालंय यंदा, त्यात त्यांनी माझा फॉर्म भरला.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

सकाळी दाराखालून पाकीट. आत फॉर्म. लिनची सही, सुबक, तारीख टाकून. सोबत पिवळी चिठ्ठी, इंग्रजीत: "मी सही केली आहे. काळजी करू नकोस. मला एकटीला राहायची सवय आहे. पाच वेळा त्यांच्याबरोबर जेवले, फार छान होतं."

पाच वेळा. मोजलीत तिने.

दुपारी एक. सि.चा मेसेज: "क्या हुआ? राजमा भिगोऊँ तीन का कि चार का?" तिला माहीत आहे चौथं कोणी येऊ शकत नाही. तरी चार लिहिलंय.

तीन वाजले. मला परत जायचंय. यात आता काही गोंधळ नाही, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट इतकी स्पष्ट हवी आहे. आणि तरी सहीच्या जागेवर पेन टेकवलं की चिठ्ठी दिसते. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवली. मग उठून परत बाहेर काढली.

सवय आहे म्हणते. मला पाच दिवसांत झाली नाही, तिला चार महिन्यांत झाली असेल का, की नुसतं

पावणेपाच. मास्क लावला. फॉर्म हातात आहे, सही अजून केलेली नाही. पेन बरोबर घेतलंय.