खाडीची बाजू

नवीन पनवेल,
सोमवार, २५ फेब्रुवारी १९९१

प्रिय आभा,

दोनदा साबण लावून झाला तरी हातांचा चिखलाचा वास जात नाही, आणि कंबर अशी धरली आहे की खुर्चीत बसताना देवाचं नाव घ्यावं लागलं. तरी पत्र आजच लिहिणार. उद्यापर्यंत थांबले तर मी पुन्हा शहाण्यासारखी वागायला लागेन. फोन करणार होते, पण फोनवर तू भराभर बोलतेस आणि मी हो-हो म्हणत जाते, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. तेव्हा चहा करून घे आणि निवांत वाच. खूप सांगायचं आहे.

तुझ्या बाबांचा रविवारचा नाट्यवर्ग मी चालवते आहे हे तुला माहीत आहे, पण तो माझ्या गळ्यात कसा पडला ते मी कधी नीट सांगितलं नाही. ते गेल्यावर पंधराएक दिवसांत, एका रविवारी सकाळी दार उघडलं तर जिन्यात अकरा मुलं उभी. सगळ्यांत पुढे खालच्या मजल्यावरचा अपूर्व. म्हणाला, “काकू, समाजमंदिराची किल्ली तुमच्याकडे आहे ना? आम्ही आमचं आमचं करू.” मी किल्ली घेऊन गेले आणि मुलं एकटी नकोत म्हणून लसूण सोलत कोपऱ्यात बसले. तुला आठवतं ना, बाबांची सगळी नाटकं मी मामलेदार कचेरीतून आल्यावर टाइप करून द्यायची, शुद्धलेखन सुधारायची, आणि वर ऐकवायची की रविवारी घरातला नळ दुरुस्त करायला माणूस नाही पण सेक्टरातल्या पोरांना नाचवायला आहे. बारा वर्षांत एकही तालीम पाहिली नाही मी, आभा. एकही नाही.

तर त्या दिवशी मिताली भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. मी सहज म्हटलं, “बाळ, मला काही ऐकू येत नाही गं.” ती वळली, दोन पावलं पुढे आली, आणि तेच वाक्य अशा काही ठसक्यात बोलली की माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. पुढच्या रविवारी मी लसूण नेला नाही.

दर हिवाळ्यात तिकीट लावून एक नाटक करायचं आणि जमेल ते कुणाच्या तरी उपयोगाला द्यायचं, ही बाबांची रीत. एक वर्ष अंधशाळेला टेपरेकॉर्डर दिले होते, ते तूच पोचवायला गेली होतीस. यंदा कुणासाठी करायचं हे मुलांनी ठरवलं. श्रावणातल्या उधाणाला उरण रस्त्याच्या आतल्या अंगाला, मिठागरांच्या पलीकडे एका गावाचा बांध फुटला आणि खाडीचं पाणी शेतात आणि शाळेत शिरलं. शाळा म्हणजे दोन खोल्या. खारं पाणी तीन दिवस उभं राहिलं. पुस्तकांचा लगदा झाला आणि भिंतींचे पोपडे अजून पडताहेत. अपूर्वने वर्तमानपत्रातलं कात्रण आणलं आणि सगळ्यांनी मिळून नाटकही रचलं. खाडीवर खटला! कोर्ट भरतं, बांध रडत रडत फिर्याद मांडतो, चिंबोरी, म्हणजे आपला खेकडा, साक्षीला येते, आणि शेवटी दुष्ट खाडीला शिक्षा होते. मितालीची खाडी. निळी साडी, मोकळे केस, राक्षसासारखं हसू. मी टाइप करताना मनातल्या मनात म्हटलं, बाई कुमुद, जमलं की तुला!

नोव्हेंबरात मुलांना घेऊन त्या गावी गेले. कुणासाठी करतोय ते बघायला हवं, असं बाबा म्हणायचे म्हणे. म्हणजे मुलं म्हणाली, मला काय माहीत. गावच्या पोरांसमोर शाळेच्या पडवीत आम्ही नाटकाचा थोडा भाग करून दाखवला. मिताली राक्षसी हसली आणि आमची मुलं टाळ्या वाजवायला लागली. गावच्या एकाही पोराने मात्र टाळी वाजवली नाही. मग पुढे बसलेली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उठली. रंभा तिचं नाव. आई-बाप दोघंही मिठागरावर कामाला. ती मला म्हणाली, “बाय, खाडी चोर नाय. खाडी आमाला खायाला घालते. तुमी तिला का मारता?”

तिची आजी गंगाबाई मागे पाट्या विणत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, “पुस्तका द्याल, चांगला हाय. पन आमचीच गोष्ट, नि आमची पोरा नुसती बघनार? त्यांना पन घ्या नाटकान.”

परत येताना एस.टी.त कुणी गाणी म्हटली नाहीत. रात्रभर मला वाटत राहिलं की आपण दान द्यायला गेलो आणि त्यांच्याच खाडीला त्यांच्यासमोर शिव्या देऊन आलो. सकाळी उठून मी टाइप केलेली सगळी पानं फाडली. हो, मी! चुकलेलं पानसुद्धा टाकून न देता पुरवणी टाचून ठेवणारी तुझी आई.

खटला नव्याने रचण्यात पुढचे दोन-अडीच महिने कसे गेले विचारू नकोस. दर रविवारी बुधाजी, म्हणजे गावचे एक वयस्क शेतकरी, पुतण्याच्या टेम्पोतून सहा मुलं घेऊन यायचे. पहिल्या रविवारी सेक्टरातल्या तीन आयांनी आपली मुलं काढून घेतली. मितालीची आई तर घरी येऊन म्हणाली, “काकू, माझी मुलगी जूनपासून येतेय. आता खाडीचं काम त्या गावातल्या मुलीला? भाषा तरी कळणार आहे का लोकांना?” मी नेहमीसारखं गुळमुळीत काहीतरी बोलणार होते, पण तोंडातून निघालं, “मिताली भरती होईल आणि रंभा ओहोटी. खाडी एकटी कधी असते का?” आभा, हे मला आधी सुचलेलं नव्हतं! बोलता बोलता सुचलं! बाई चकित होऊन निघून गेली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. बाबा रात्री उठून दिवा लावून वहीत खरडायचे आणि मी चिडायचे. त्यांना काय होत असेल ते मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

त्या दोघींची गट्टी कशी जमली ते मात्र मला कळलंच नाही. मिताली रंभाला मोठ्याने बोलायला शिकवायची आणि रंभा तिला ओहोटीला चिंबोरी कशी धरतात ते दाखवायची, चामड्याच्या चपलेला चिंबोरी समजून. काढलेल्या तीन मुलांपैकी दोन परत आली. आणि एक कबूल करते. नाटकातला बांध तू पाठवलेल्या खोक्यांचा केला. सामान बांधायला म्हणून जावईबापू गुरुदत्तने ती दुकानातून मागून आणली होती, ठाऊक आहे मला. पण चौदा भक्कम खोकी घरात रिकामी पडलेली आणि मुलांना बांध हवा. रंगवल्यावर हुबेहूब दिसला.

दहा तारखेला दुपारी चारला प्रयोग. समाजमंदिर भरलं, खिडक्यांत माणसं बसली. पुढच्या तीन रांगा गावाच्या. गंगाबाई नवं लुगडं नेसून अशी ताठ बसली होती की जणू न्यायाधीश तीच. मिताली भरती होऊन आली तशी खोकी धडाधड कोसळली आणि एक तर पेटीवाल्याच्या मांडीत जाऊन पडलं. लोक हसले. मग न्यायाधीश झालेल्या अपूर्वने विचारलं, “आरोपी खाडीला काही सांगायचं आहे?”

रंभा पुढे आली. तिला चार ओळी पाठ होत्या. पहिली म्हटली आणि थांबली. मी पडद्यामागून दुसरी सांगितली, तिने ऐकली नाही. ती आजीकडे बघत होती. मग तिने लिहिलेलं सगळं सोडूनच दिलं आणि बोलायला लागली. “मी रोज येते नि रोज जाते. माझा दुसरा काय काम नाय. बांधाला चिंबोऱ्यांनी भोका पाडली, तवा मी तुमाला सांगितला नाय का? एक एक ओंजळ आत टाकत व्हते. कोनी बगितला नाय. माझा बाप एकटा माती टाकत व्हता, त्याला ताप व्हता. एकट्याचा काम नाय ते.” मग थोडी थांबली आणि म्हणाली, “मला काय शिक्षा करायची ती करा. मी उद्या पन येनार.”

गंगाबाईने पदर तोंडाला लावला. मी अपूर्वकडे बघितलं. नव्या संहितेत त्याने खाडीला माफी द्यायची होती. बारा वर्षांचा मुलगा, डोक्यावर कापसाचा टोप, घामाने निथळतोय. त्याने टेबलावर लाटणं आपटलं आणि म्हणाला, “कोर्ट निकाल देणार नाही! कोर्ट स्वतः जागेवर जाऊन पाहणी करेल. इथे हजर असलेल्या सगळ्यांनी यायचं आहे. घमेलं घेऊन!”

हशा पिकला, टाळ्या पडल्या, मी पडदा ओढला. मला वाटलं, झालं, सुटलो. पण पडद्यापुढे बुधाजी उठून उभे राहिले होते. हात जोडून म्हणाले, “साहेबांनी हुकूम केलाय, तर सांगून ठेवतो. दोन रविवारनी भांगाची भरती हाय, पानी कमी चढतं. तवा या. डागडुजी अर्धीच झालीय, गडी कमी पडतात.” पुन्हा हशा. पण या वेळचा हशा जरा दबकत आला, आणि लोक एकमेकांकडे बघत घरी गेले.

आभा, काल साठ माणसं आली! मी सात-आठ धरली होती. बुधाजींच्या टेम्पोने चार खेपा केल्या. बँकवाले, शाळेतले मास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, आणि ज्यांनी कधी घरचा केर काढला नसेल अशी माणसं पँटी दुमडून चिखलात उभी. गावचे लोक फुटलेल्या जागी दगड रचत होते आणि आम्ही ओळ करून ओल्या मातीची ढेकळं हातोहात पुढे देत होतो. मितालीच्या आईच्या दोन्ही चपला चिखलाने गिळल्या. ती अनवाणीच उभी राहिली, रंभाच्या आईच्या शेजारी, आणि दोघी सासवांबद्दल असं काही बोलत होत्या की ओळ दोनदा अडली. दुपारी पाणी चढायला लागलं. सगळे बांधावर उभे राहिलो. पाणी दगडांपर्यंत आलं, थोडं वर सरकलं आणि थांबलं. आतल्या बाजूला एक थेंब नाही! पोरं बांधावर नाचायला लागली, बुधाजी ओरडले की अजून ओला हाय, खाली उतरा, पण त्यांचा आवाज कुणाला ऐकू येतोय! तिकिटांचे पैसे पुस्तकांना आणि भिंतींच्या गिलाव्याला जातील. पहिली पुस्तकं शनिवारी घेऊन जाणार आहोत.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. दहा मार्चला माझं सामान न्यायला टेम्पो पाठवू नकोस, बाळ. आपलं घर घेणार होते त्या बँकेतल्या गृहस्थांना मी आज सकाळी जाऊन सांगून आले की घर द्यायचं नाही. ते रागावले नाहीत, कालच्या ओळीत माझ्या डाव्या हाताला तेच होते. पुण्याची तुमची मागची खोली तू माझ्यासाठी रंगवून घेतलीस, खिडकीला पडदा शिवलास, हे मी विसरलेले नाही. दिवाळीपासून मी तुला हो म्हणत आले, कारण इथे एकटीने संध्याकाळ काढणं मला जड जात होतं, आणि तू इतक्या मायेने विचारत होतीस. तेव्हाचं हो खोटं नव्हतं. पण आता मला जायचं नाही. मुलांना माझी गरज आहे म्हणून राहतेय असं मी तुला सांगू शकले असते, ते जास्त शोभलंही असतं. खरं सांगायचं तर ती मुलं माझ्यावाचून चालवतील. मलाच इथे राहायचं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला सोमवारी सकाळी पुढच्या रविवारची घाई झाली आहे. रागव हवं तर, दोन दिवस फोन करू नकोस, पण मग एखाद्या शनिवारी गुरुदत्तला घेऊन राहायला ये. तुला दाखवायची माणसं पुष्कळ आहेत.

तुझीच, हट्टी झालेली,
आई